‘वाया’ नावाचा रकाना

संचालकबाईंची ई-मेल आली तेव्हा मी परीक्षेचे पेपर तपासत होतो, म्हणजे डोकं आधीच फिरलेलं होतं. विद्यापीठाच्या वेबसाइटवर आमच्या व्यवस्थापन विभागाचं नवं पान होणार होतं, ‘आमचे तज्ज्ञ’ नावाचं. प्रत्येकाने एक हसरा फोटो आणि आपल्या संशोधनाचे तीन विषय पाठवायचे होते. मी फोटो पाठवला आणि विषयांत लिहिलं: तूट, तूट, तूट.

त्यात खोटं काय होतं? मी हिशेबशास्त्र शिकवतो आणि जन्मभर एकाच गोष्टीच्या मागे हात धुऊन लागलोय. गोदामात माल येतो किती, निघतो किती आणि मधल्यामध्ये गडप होतो कुठे. मुलं मला तूटसर म्हणतात, पाठीमागेही आणि तोंडावरही. इतरांची नावं ऐकली तर माझं नाव म्हणजे मानपत्रच म्हणायचं.

बाईंनी लगेच बोलावून घेतलं. “सर, ही चेष्टा आहे का?”

“नाही बाई, पंचवीस वर्षांची मेहनत आहे.”

बाई वाईट नाहीत. पण जी गोष्ट स्लाइडवर मावत नाही ती जगात नाहीच, असा त्यांचा पक्का समज आहे. त्यांनी मला नवा नियम ऐकवला. यंदापासून कुणीही एकट्याने संशोधन करायचं नाही, गट करायचा, निदान दोघांचा तरी. ज्याला गट नाही त्याचे संशोधनाचे तास काढून घेऊन त्याला वर्ग देणार.

“तुमचं ठीक आहे हो, तुम्ही निवृत्तीला टेकलात,” बाई म्हणाल्या. “पण तिचं काय होणार ते बघा.”

ती म्हणजे धाकटी. विभागात सगळ्यांत लहान, म्हणून मी ठेवलेलं नाव. आमची खोली एकच, कपाटही एकच. वरचे दोन कप्पे तिचे, कारण माझे गुडघे वाकत नाहीत तसे माझे हातही वर जात नाहीत. ती कराराने लागली होती आणि करार या सत्रात संपत होता. महिनाअखेर समिती बसणार होती. समितीने हो म्हटलं तर ती कायम, नाही म्हटलं तर चंबूगबाळं आवरून दुसरं गाव. हे तिचं तिसरं गाव होतं. बरोबर आई होती, आणि आईने इथे येतानाची खोकी फेकलीच नव्हती. घडी घालून पलंगाखाली सरकवून ठेवली होती. “लागतील परत,” असं म्हणायच्या त्या. धाकटीने हे मला हसत हसत सांगितलं होतं, पण सांगताना ती खिडकीबाहेर बघत होती.

आता तिचा विषय. कारखान्यात सकाळची पाळी घरी जाते, दुपारची येते, त्या मधल्या थोड्याशा वेळात कोण कुणाला काय सांगतं, हा. पाळीबदल. विपणनवाले म्हणाले, विषय फार चिमुकला आहे. वित्तवाल्यांनी तेवढंही म्हणायची तसदी घेतली नाही. खरं सांगायचं तर मलाही तो चिमुकलाच वाटायचा. पण माझे गुडघे धरले की यंत्रावरून माझा चहा तीच आणून द्यायची, आणि न विचारता कमी साखरेचा.

“चल, माझ्या गटात ये,” मी म्हटलं.

“तुमचा गट आहे कुठे, सर?”

“आत्ता झाला.”

असा आमचा गट झाला. आंधळ्याची काठी लंगड्याला आणि लंगड्याचे डोळे आंधळ्याला, एवढंच काय ते त्याचं शास्त्र. नाव ‘तूट आणि पाळीबदल’ असं साधंच होतं. संचालकबाईंनी ते बदलून इतकं लांबलचक केलं की मला ते कधीच पाठ झालं नाही.

धाकटीचं काम पावाच्या एका मोठ्या कारखान्यात चाललं होतं. दोन वर्षं ती तिथे जात होती. तिने मला संगणकावर तक्ता दाखवला. माणसं गेटातून आत येतात, कपडे बदलतात, हात धुतात, पाळीच्या नोंदीच्या फलकापाशी जमतात, मग यंत्रावर जातात. प्रत्येक टप्प्याला एक रकाना आणि त्यात लागलेला वेळ. एका रकान्याचं नाव होतं ‘वाया’.

“हा काय?”

“नळ, सर. जाणारी पाळी पीठ धुवायला येते, येणारी पाळी आत शिरण्याआधी हात धुवायला येते. दोन्ही एकाच वेळी, त्याच नळांवर! नुसती झुंबड. सगळ्यांत जास्त वेळ इथे जातो, आणि निव्वळ वाया.” तिचे डोळे चमकत होते. “मी व्यवस्थापकांना सुचवलंय, मागच्या दाराशी नळांची दुसरी रांग बसवा. जाणारे तिकडून, येणारे इकडून. प्लंबरने भिंतीवर खडूने खुणासुद्धा केल्यात.”

व्यवस्थापक इतका खूश होता की समितीपुढे येऊन दोन शब्द चांगले बोलायलाही तयार झाला होता. संचालकबाईही खूश होत्या, कारण हे सगळं एका स्लाइडवर मावत होतं. मी म्हटलं, पोरीचं गंगेत घोडं न्हालं.

गटातला माणूस म्हणून एकदा तरी कारखान्यात जाऊन यायला हवं, नाहीतर समितीत कुणी विचारलं तर तोंडावर पडायचो. गेलो. पाहुण्यांनी कचेरीच्या दाराने आत शिरायचं, कचेरीतल्या बेसिनवर सुवासिक साबणाने हात धुवायचे, पांढरा डगला आणि कागदी टोपी घालायची. टोपीत मी कसा दिसत होतो ते धाकटीच्या चेहऱ्यावरून कळलं. ती फलकापाशी जाऊन घड्याळ घेऊन उभी राहिली, तिच्या ठरलेल्या जागी.

मला व्यवस्थापकाने गोदाम दाखवलं. मैद्याची पोती बघितली की माझा हात आपोआप आत जातो, जुनी खोड. तिथून कणीक मळायच्या यंत्रापाशी गेलो, तर तिथल्या माणसाने कौतुकाने एक गोळा माझ्या हातात ठेवला. गोळा कसला, डिंक. मनगटापर्यंत चिकटला. व्यवस्थापकाला कुणीतरी हाक मारली आणि मी तो चिकट अवतार घेऊन सगळ्यांत जवळच्या नळांकडे निघालो. ते नळ कामगारांचे होते.

स्टीलचं लांबच लांब बेसिन आणि गुडघ्याने दाबायचे नळ. माझ्या गुडघ्याने काय दाबणार, कपाळ! शेजारच्या बाईने माझी तारांबळ बघितली आणि स्वतःचा गुडघा सरकवून माझा नळ सुरू करून दिला. तिने मला ओळख विचारली नाही. कोपरापर्यंत पीठ लागलेला म्हातारा म्हणजे आपल्यातलाच कुणीतरी, असं तिला वाटलं असणार. ती भट्टीवरची होती आणि घरी चालली होती. तिच्या पलीकडे येणाऱ्या पाळीची एक तरुण बाई हातांना साबण लावत होती.

“तीन नंबरची भट्टी डावीकडून जास्त तापतेय गं,” पहिली म्हणाली. “ट्रे मधेच फिरव.”

“कधी?”

“वास बदलला की. आणि आजचं पीठ पाणी कमी पितंय, नवीन गाडीतलं आहे. मळणाऱ्याला सांग, हात आखडता घे म्हणावं.”

“तो ऐकतोय माझं!”

“मग आज नको बोलूस त्याला काही. आई दवाखान्यात आहे त्याची.”

नळांच्या त्या रांगेत माझ्या दोन्ही बाजूंना हेच चाललेलं होतं. कुणाचा पट्टा कुरकुरत होता, कुठल्या कप्प्याचं दार लाथ मारल्याशिवाय लागत नव्हतं, कुणाला आज जड उचलायला लावायचं नव्हतं. पाणी वाहत होतं, कोपराला कोपर लागत होतं आणि अख्खा कारखाना या हातातून त्या हातात जात होता. मी हात धुतच राहिलो. मग ती भट्टीवाली ओले हात झटकत फलकापाशी गेली. तिथे व्यवस्थापक उभा होता आणि धाकटी घड्याळ घेऊन उभी होती.

“सगळं ठीक?” व्यवस्थापकाने विचारलं.

“सगळं ठीक,” ती म्हणाली आणि सही करून निघून गेली. धाकटीने वेळ टिपून घेतली.

परतताना बसमध्ये धाकटी आनंदात बडबडत होती आणि मी हूं हूं करत होतो. दोन वर्षं ही पोर चुकीच्या जागी उभी होती. आणि ज्या जागी उभं राहायला हवं होतं, ती जागा तिने स्वतःच्या हाताने ‘वाया’ ठरवली होती. वर तिच्याच शब्दावरून मागच्या दाराशी भिंत फोडून दोन्ही पाळ्यांची गाठच तोडणार होते. समिती तोंडावर आली होती.

घरी गेलो तर बायको उशांचे अभ्रे शिवत बसली होती. माझा चेहरा बघून तिने मशीन थांबवलं. मी सगळं सांगितलं.

“मग? तिला सांगितलंत?”

“समितीनंतर सांगतो. एकदा कायम होऊ दे.”

“अहो, आणि तेव्हा ती विचारेल, सर, तुम्हाला कधी कळलं? तेव्हा काय सांगाल?” बायकोने दोरा दाताने तोडला. “जन्मभर दुसऱ्यांच्या तुटी शोधल्यात. आता सापडली तर खिशात घालून हिंडताय.”

आमच्या घरात तज्ज्ञ कोण हे वेबसाइटवर लिहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी खोलीचं दार लावून मी धाकटीला सांगितलं. ती आधी हसली आणि मग तिचा आवाज चढला.

“तुम्ही एकदा गेलात, सर. एकदा! मी दोन वर्षं जातेय!”

“म्हणून तर तुला पाहुण्यांच्या बेसिनची सवय झाली.”

असं बोलायला नको होतं. जीभ आहे, घसरते. ती पिशवी उचलून निघून गेली आणि दिवसभर परतली नाही. मी तिच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसलो आणि पेपर तपासायचं सोडून दिलं. मला मुलगी नाही. असती तर तिच्याशीही मी असाच भांडलो असतो, असं वाटून गेलं.

संध्याकाळी ती आली ती ओल्या बाह्या घेऊन. केसांत पीठ होतं. “मळणाऱ्याकडून गोळा मागून घेतला,” ती म्हणाली आणि खुर्चीत बसून रडली, आणि रडता रडता हसायला लागली. “सर, त्या फलकापाशी का बोलत नाहीत ठाऊक आहे? मी विचारलं. फलकापाशी व्यवस्थापक असतो. तिथे भट्टी तापते म्हटलं की ती तक्रार होते, मग चौकशी होते. आणि कुणाची आई आजारी आहे हे फलकावर कोण लिहिणार? नळावर कुणीच काही ‘कळवत’ नाही, नुसतं बोलतात. आणि मी त्याला...” तिने तक्ता उघडला आणि ‘वाया’ या शब्दावर बोट ठेवलं.

मी व्यवहाराची गोष्ट सांगितली. “हे बघ, समितीपुढे जुनंच मांड. सगळं तयार आहे, बाईंना आवडलंय. कायम झालीस की दुरुस्त कर. जगभर असंच चालतं.”

“तोवर भिंत फोडून नळ बसलेले असतील, सर.”

तिने तिथेच व्यवस्थापकाला फोन लावला. माझी शिफारस चुकली, प्लंबरला थांबवा, म्हणाली. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. इतके दिवस तुम्हीच डोकं खाल्लंत, आता तुम्हीच नको म्हणता, पोरखेळ आहे का! समितीपुढे येणं आता त्याला जमणार नव्हतं. शेवटी त्याने एवढंच कबूल केलं की उद्या टाकी धुवायची म्हणून नळ तसेही बंद आहेत. काय फरक पडतो ते येऊन दाखवा, नाहीतर परवा प्लंबर येणारच.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं भट्ट्यांपाशी जाऊन उभे राहिलो. नळ बंद होते. दारात औषधी पाण्याची बाटली ठेवली होती, ते हातावर चोळून येणारी पाळी सरळ आत आली आणि जाणारी मागच्या दाराने सरळ बाहेर गेली. धक्काबुक्की नाही, गर्दी नाही. फलकापाशी “सगळं ठीक” झालं. व्यवस्थापक माझ्याकडे बघून मिशीत हसला.

तीन नंबरच्या भट्टीवर त्या दिवशी सुट्टीवरून परतलेली बाई होती. पहिली खेप बाहेर आली, ती डावीकडून काळी. पाव पोत्यात गेले. माझ्या विषयातली तूट होती ती, मी मन लावून बघत होतो. नियमाप्रमाणे आम्ही फक्त बघायचं होतं, दिवसभर हूं की चूं करायचं नव्हतं. दुसरी खेप आत गेली. थोड्या वेळाने वास बदलला. मलाही कळलं.

“ट्रे फिरवा! अहो ताई, डावीकडचे ट्रे फिरवा!” धाकटी ओरडत धावली. टोपी उडाली. त्या बाईने दचकून ट्रे फिरवले आणि संशोधनाचा तिथेच सत्यानाश झाला. पण दुसरी खेप सोनेरी निघाली. व्यवस्थापकाने एकदा पोत्याकडे बघितलं, एकदा ट्रेकडे, आणि खिशातून फोन काढून प्लंबरला सांगितलं की तूर्त येऊ नकोस. चांगले शब्द मात्र तो कुणापुढेही बोलायला आला नाही. ज्याचा पोरखेळ खरा ठरतो त्याच्यावर लोकांचा राग जास्त असतो.

समिती बसली. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, मधोमध संचालकबाई, त्यांच्या उजवीकडे बाहेरून आलेले एक प्राध्यापक, पाहुणे. गटातला म्हणून मलाही खुर्ची होती. धाकटीने पहिलीच स्लाइड लावली, तिचा जुना तक्ता. “हे माझं दोन वर्षांचं काम,” ती म्हणाली, “आणि यातला सगळ्यांत महत्त्वाचा रकाना मी चुकीचा वाचला.” बाईंच्या कपाळावर आठी उमटली. मग नळांची गोष्ट झाली, तीन नंबरच्या भट्टीचीही झाली. तिचा आवाज सुरुवातीला कापत होता. भट्टीवालीचं “वास बदलला की” सांगताना तो कापायचा थांबला.

पाहुण्यांनी विचारलं, “दुसऱ्या खेपेला तुम्ही मधे पडलात. म्हणजे प्रयोग बिघडवलात?”

“हो सर. पाव जळत होते.”

कुणी हसलं नाही. संचालकबाईंनी पेन खाली ठेवलं. “तर मग, या क्षणाला तुम्ही नेमक्या कशातल्या तज्ज्ञ? पानावर काय लिहायचं आम्ही?”

“माणसं कामाचं खरं कुठे बोलतात, ते शोधते मी, बाई. दोन वर्षं चुकीच्या जागी शोधलं. आता जागा सापडलीय. तज्ज्ञ लिहू नका, पण विषय तो लिहा.”

आम्हाला बाहेर जायला सांगितलं. धाकटी व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसली, हात मांडीत घट्ट धरून. बराच वेळ गेला. मला बसवेना. चहाबरोबरची बिस्किटं हाताला चिकटली होती, म्हणून मी वळणापलीकडच्या बेसिनवर गेलो. नळ सोडतोय तोच संचालकबाई आल्या आणि शेजारच्या नळाखाली त्यांनी हात धरले. शाईचा डाग होता बोटाला. तो घासत, माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, “झाली ती कायम.”

मी नळ बंद करायला विसरलो.

“पाहुणे म्हणाले, स्वतःची दोन वर्षं खोडून दाखवणारं माणूस त्यांनी फार दिवसांत बघितलं नव्हतं. मीही नाही बघितलं. पत्र सोमवारी निघेल, तोवर तुम्हाला काही ठाऊक नाही.”

“मला काय ठाऊक असणार, बाई?”

“आणि हा नळ टपकतोय. कुणाला तरी सांगा.” त्यांनी हात पुसले, चेहरा सरळ केला आणि वळणापलीकडे गेल्या. तिथून त्यांचा कचेरीतला आवाज आला, धाकटीला सांगत होत्या, “निर्णय यथावकाश कळवण्यात येईल.”

मी पोचलो तेव्हा धाकटी बाकावरच होती. चेहरा पडला होता. “यथावकाश म्हणाल्या, सर. म्हणजे नाहीच ना?”

“तुझे हात बघू.”

“काय झालंय त्यांना? स्वच्छ आहेत.”

“अजिबात नाहीत. चल, धुऊन टाक.”

ती वैतागून काहीतरी बोलणार होती. मग तिचं लक्ष माझ्या ओल्या बाह्यांकडे गेलं, तिथून बाई गेल्या त्या दिशेकडे गेलं, पुन्हा बाह्यांकडे आलं. आणि ती उठून जवळजवळ पळतच वळणापलीकडे गेली. मी माझ्या गुडघ्यांच्या चालीने मागून पोचलो, तोवर तिने नळ पूर्ण सोडला होता आणि दोन्ही हात त्याखाली धरून उभी होती.

“सांगा,” ती म्हणाली.

मी शेजारचा नळ सोडला आणि सांगितलं. पाणी तसंच वाहत राहिलं आणि तिचे डोळेही. मग ओल्या हातांनीच तिने फोन काढला, तो दोनदा निसटला, तिसऱ्यांदा लागला.

“आई,” ती म्हणाली, “ती पलंगाखालची खोकी आहेत ना, ती रद्दीत देऊन टाक.”